रिकाम्या पिंजऱ्यानंतर

आमच्या घरात अकरा वर्षं एक पोपट होता. नाव मिठ्ठूमियाँ. माझे सासरे गेले त्या वर्षी कुणीतरी अम्मींना तो आणून दिला. तेव्हा त्याला धड पिसंही फुटलेली नव्हती. अम्मींनी भिजवलेली चण्याची डाळ बोटाच्या टोकावर ठेवून त्याला वाढवलं. पुढे तो बोलायला लागला. दाराची कडी वाजली की "कौन है?" विचारायचा, आणि मी शाळेतून आले की माझ्याआधी "दुल्हन, चाय" म्हणायचा. गल्लीतली पोरं खास त्याचं बोलणं ऐकायला यायची.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका सकाळी मिठ्ठू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला. अम्मींनी त्याला जुन्या मलमलीच्या ओढणीत गुंडाळलं. आमच्या धाकटीने आणि त्यांनी मिळून गल्लीच्या टोकाच्या लिंबाखाली खड्डा करून त्याला पुरलं. चार दिवस गेले आणि अम्मी म्हणाल्या, "बाजारात तो पोपटवाला येतो, त्याच्याकडून एक पिल्लू आणून द्या."

आमचे हे लगेच तयार झाले. मी नाही म्हटलं.

नाही म्हणण्यामागे माझी कारणं होती. शाळेत नोव्हेंबरमध्ये पक्षी सप्ताह साजरा करायचा म्हणून मी थोडं वाचलं होतं. आपल्याकडचे रानपोपट पकडणं, विकणं आणि घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं. बाजारात येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणलेली असतात. बारक्या जाळीच्या टोपलीत कोंबून त्यांना शहरात आणतात, आणि त्यातली कितीतरी विकली जाण्याआधीच मरतात. वर्गात हे सांगून घरी दुसरा पिंजरा टांगायचा, हे मला जमेना.

अम्मींनी शांतपणे विचारलं, "अकरा वर्षं तुझा कायदा कुठे होता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी अबू उमैरची आठवण दिली. छोट्या अबू उमैरकडे एक पाखरू होतं. ते मेलं तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी मोठ्या मायेने त्या पाखराची विचारपूस केली. पाखरू पाळणं गैर असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं नसतं का? मीही मागे हटले नाही. पिल्लं उचलून आणल्यामुळे घिरट्या घालणाऱ्या एका पक्षिणीची हदीस मी सांगितली. तिची पिल्लं तिला परत देण्याचा हुकूम झाला होता. माझं बोलून झालं, अम्मी गप्प झाल्या, आणि मला वाटलं मी जिंकले.

त्यानंतर तीन आठवडे अम्मी माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. रिकामा पिंजरा त्यांनी स्वतः पुसला आणि माळ्यावर ठेवून दिला.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सकाळी नऊला मी शाळेत जाते, हे दुकानात, मुलं आपापल्या वर्गात. संध्याकाळी पाचपर्यंत घरात अम्मी एकट्या असतात. त्या आठ तासांत त्यांचं नाव घेणारं, त्यांना सलाम करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पोपटाला नाही म्हटलं ते योग्यच होतं, पण अम्मींच्या त्या आठ तासांचं काय करायचं, याचा विचार मी केला नव्हता.

म्हणून एके दिवशी कुंभाराकडून मातीच्या दोन पसरट परळी आणल्या आणि गॅलरीच्या कठड्यालगत सावलीत ठेवल्या. एकीत पाणी, दुसरीत ज्वारी-बाजरी आणि तांदळाची कणी. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दाण्यापेक्षा पाण्याचीच किंमत जास्त असते. पण मी हे सुरू केलं ते पावसाळ्यात. पाखरांना तेव्हा पाणी हवं तिथे मिळत होतं. पहिले दहा दिवस फक्त कावळे आले, मग पारवे. पारव्यांनी गॅलरीचा जो काही उकिरडा केला तो पाहून अम्मी म्हणाल्या, "मिठ्ठू तरी आपल्या जागेवरच घाण करायचा."

मी दाण्याची परळ काढून टाकली आणि फक्त पाणी ठेवलं. पारवे कमी झाले आणि हळूहळू दुसरे पक्षी दिसू लागले. खरं तर ते आधीपासून तिथेच होते, आम्हीच कधी बघितलं नव्हतं.

पहिली जोडी बुलबुलांची. डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका. मराठीत याला लालबुड्या बुलबुल म्हणतात. तो परळीत नुसतं पाणी पीत नाही, चक्क अंघोळ करतो आणि निम्मं पाणी बाहेर उडवतो. मग जास्वंदीवर शिंजीर आला. आपल्या अंगठ्यापेक्षा जरासा मोठा, लांब वाकडी चोच. विणीच्या दिवसांत नराचा रंग उन्हात निळा-जांभळा चमकतो आणि मादी साधी पिवळट असते. जास्वंदीच्या फुलात समोरून चोच पोहोचत नसली की तो देठाजवळ बारीक भोक पाडून मध ओढतो. आणि पेरूच्या झाडात कुठेतरी लपून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडणारा तो शिंपी. पानांच्या कडांना भोकं पाडून, त्यातून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून तो घरट्याची पिशवी शिवतो. अम्मींचं अर्धं आयुष्य शिलाई मशीनवर गेलं. ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "टाका कसला घालतो ते बघायला पाहिजे."

इतके दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही विचारलं होतं.

पण अम्मींचा खरा दिवस उजाडला जानेवारीत. अस्रची नमाज झाली होती, मी गच्चीवर कपडे काढत होते आणि अम्मी खुर्चीत बसल्या होत्या. पश्चिमेकडून पाखरांचा एक भला मोठा थवा आला. शेकडो पाखरं, एकाच वेळी वळणारी, जणू कुणी आभाळात चादर झटकतंय. मी बघतच राहिले. अम्मी खुर्चीतून उठल्या. "अगे, ये तो भोरड्या!"

अम्मींचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिकडची काळी जमीन आणि ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्वारी हुरड्यात आली की लहानपणी त्यांना पहाटेपासून शेतातल्या माळ्यावर बसवत. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग. भोरड्यांचा थवा उतरला की ओरडायचं आणि गोफण फिरवायची. "एकही मारली नाही," अम्मी हसत म्हणाल्या, "माझा नेम कधी लागलाच नाही. पण घसा इतका बसायचा की रात्री बोलता यायचं नाही." त्या संध्याकाळी मगरिबची अजान होईपर्यंत अम्मी बोलत होत्या. होला कसा घुमतो, टिटवी उघड्या रानात जमिनीवरच अंडी घालते आणि जवळ गेलं की कशी अंगावर येते, पाऊस लांबला की आजोबा कोणत्या पाखराकडे बघायचे. हे सगळं त्यांना साठ वर्षांपासून ठाऊक होतं. या घरात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

भोरडीबद्दल मला जे पुस्तकातून कळलं ते मग मी त्यांना सांगितलं. हा पक्षी आपल्याकडे अंडी घालत नाही. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून तो हिवाळ्यासाठी येतो आणि एप्रिलच्या सुमारास परत जातो. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळी. उर्दूत त्याला तिल्यर म्हणतात. शेतकरी त्याला शिव्या देतो, पण टोळ आणि नाकतोडे हे त्याचं आवडतं खाणं. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पाहुण्यांना दगड मारत होतो."

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पण पक्ष्यांची नावं दोन्ही भाषांत फक्त पाठ करून घेत आले. एकदा सातवीच्या वर्गात हजरत सुलेमान (अ.) आणि हुदहुदचा उल्लेख आला. चित्र काढा म्हटलं, तर अर्ध्या वर्गाने झाडाला चिकटून खोड ठोकणारा सुतारपक्षी काढला. हुदहुद म्हणजे सुतार, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. खरा हुदहुद जमिनीवर चालतो. तांबूस अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब किंचित वाकडी चोच आणि डोक्यावर पंख्यासारखा उघडमीट होणारा तुरा. चोच मातीत खुपसून तो किडे शोधतो. पुढच्याच आठवड्यात, पाऊस उघडल्यावर, तो आमच्या शाळेच्या मैदानात आला. मी तास थांबवून मुलांना खिडकीशी उभं केलं. सुरह नम्लमधली गोष्ट ज्यांनी दहा वेळा ऐकली होती, त्यांनी त्या गोष्टीतला पक्षी पहिल्यांदाच पाहिला.

अबाबीलचंही असंच आहे. उर्दूत आपण पाकोळीसारख्या पाखराला अबाबील म्हणतो. पण सुरह फीलमधला तो शब्द एखाद्या जातीचं नाव नाही, अरबीत त्याचा अर्थ झुंडीच्या झुंडी असा आहे. आणि उर्दू शायरीतला बुलबुल? फुलावर जीव टाकणारा, रात्रभर गाणारा तो बुलबुल इराणचा आहे, आपल्या कठड्यावर अंघोळ करणारा नाही. वीस वर्षं मी गझल शिकवताना मनात चुकीचाच पक्षी आणत होते. मराठीतही गंमत कमी नाही. 'कोकिळा गाते' असं आपण लिहितो, पण कुहू-कुहू करतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून निघून जाते. आणि जिला आपण सुगरण म्हणतो, ते देखणं घरटं विणणारा पक्षीही नरच असतो. हे ऐकून आमच्या स्टाफरूममधल्या बायका बराच वेळ हसत होत्या.

सुगरणीचं हे गुपित उलगडणारे होते डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई-वडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं. दहा-बारा वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. जवळ जाऊन बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही कोणती चिमणी, या प्रश्नाचं उत्तर शोधायला तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तिथून जे सुरू झालं ते आयुष्यभर चाललं. पुढे १९३० मध्ये, हातात नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. हे त्यांनी जगाला सांगितलं ते काही न करता, फक्त बघून.

त्यांच्या जन्मदिवसापर्यंत म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा आमच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी मराठीत पक्ष्यांचं आणि जंगलाचं भांडार उभं केलं. आणि नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचं नाव प्रत्येक घरात माहीत असायला हवं. त्यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस झाला. घराच्या भिंतीत, आढ्यात, फोटोच्या फ्रेममागे चिमणीला जागा असायची. स्लॅब आले आणि त्या फटी गेल्या. दुसरी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. अंगणात फरशी घातली, झुडपं काढली, औषध फवारलं की दाणे कितीही टाका, पिल्लं जगत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पाण्याची परळ पसरट हवी, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर लहान पाखरू आत उतरत नाही. पाणी रोज बदला आणि परळ घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. मांजर झडप घालू शकेल अशा जागी ठेवू नका. दाणे ठेवायचेच असतील तर थोडे, संध्याकाळपर्यंत संपतील इतकेच. खारं फरसाण किंवा बुरशी आलेली भाकरी-पाव अजिबात नको.

बघायची उत्तम वेळ फज्रनंतरची. उन्हाळ्याच्या तोंडावर दयाळ अंधार फुटायच्या आधीच गायला लागतो. काळा-पांढरा, शेपटी वर करून बसलेला. आमच्या समोरच्या अँटेनावर त्याची जागा ठरलेली आहे. दुर्बीण नसली तरी चालते. हालचाल न करता दहा मिनिटं बसा. एक वही ठेवा आणि तारीख, वेळ, पक्षी, काय करत होता, एवढंच लिहा. नाव कळलं नाही तर रंग आणि चोच लिहा.

घरटं दिसलं तर हात लावू नका, फोटोसाठी फांदी बाजूला करू नका. खाली पडलेलं पिल्लू मात्र उचलून परत घरट्यात ठेवायला हरकत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, ही समजूत खरी नाही.

आणि ज्यांच्या घरी आज पोपट आहे त्यांच्यासाठी. हे वाचून उद्या पिंजऱ्याचं दार उघडू नका. वर्षानुवर्षं हातून खाल्लेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसतं, त्याला अन्न शोधता येत नाही, आणि पहिल्याच दिवशी कावळे किंवा मांजर त्याला गाठतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा. आणि निदान पुढचं पिल्लू विकत घेऊ नका. घेणारं कुणी नसेल तर ढोलीत हात घालणारंही कुणी राहणार नाही.

हे सांगताना माझा आवाज खाली येतो, कारण अकरा वर्षं मीच त्या पिंजऱ्यातली वाटी धुतली आहे.

आता आमच्या वहीची दोन वर्षं होतील. धाकटी लिहिते, अम्मी सांगतात. "लिख, साडेदहाला शिंजीर, जास्वंदीवर, एकटाच." शाळेतून आल्यावर चहाआधी मला दिवसभराचा अहवाल मिळतो. गेल्या फेब्रुवारीत समोरच्या वाळलेल्या शिरीषाच्या ढोलीत रानपोपटांची जोडी आली. अम्मी दुपारभर त्यांनाच बघत होत्या. मी त्यांना दाखवलं, ज्याच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी आहे तो नर. नराला ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. मादीला येतच नाही.

अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या. "आपल्या मिठ्ठूला तर कंठी नव्हती."

"नव्हती."

"अकरा वर्षं मी तिला मियाँ म्हणत होते?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की ढोलीतला पोपट उडून गेला. हसू थांबल्यावर अम्मींनी डोळे पुसले. हसण्यानेच पाणी आलं होतं की कशाने, ते मी विचारलं नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मागच्या महिन्यात सहज विचारलं, "अम्मी, आता बरं वाटतं ना, इतकी पाखरं येतात?" त्या म्हणाल्या, "येतात, बरं वाटतं. पण यातलं एकही माझं नाव घेत नाही."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी घरी एक फोन करते. "अम्मी, आज कोण कोण आलं?" विचारते. पाच मिनिटं लागतात. पिंजरा अजून माळ्यावर आहे. तो भंगारात द्यायचा की नाही, ते अम्मी ठरवतील.